ताणावरच्या बागेतले किडे जातात कुठे?

बागेला ताण दिला की मी बेकार होते. पाणी बंद, पानं पिवळी पडून गळतात, छाटणी झाली की डाळिंबाची झाडं म्हणजे नुसत्या काट्याकुट्यांच्या काड्या. फवारणीची वही कपाटात जाते. अशा दिवसांत मी भिंग घेते, पोतं घेते आणि बांधावर जाऊन बसते. बाग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लावलेली. त्यांना हे अजिबात पसंत नाही. "आधी तण राखायचं आणि मग त्याच्याकडे कौतुकानं बघत बसायचं," असं ते जाता जाता बोलून जातात. मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

बांध फार मोठा नाही. सात-आठ फूट रुंद, बागेच्या एका अंगाला शेवटपर्यंत गेलेला. दोन निंब, एक गावठी बोर, रुईची चार झुडपं, थोडा तरवड, एक शेवगा मी लावलेला, आणि खाली एकदांडी, कुंदा, नावं माहीत नसलेलं बरंच काही. एका टोकाला सीताफळाचं जुनं झाड.

पाच-सहा वर्षांपूर्वी यातलं जवळपास काहीच नव्हतं. आमचा बांध "साफ" असायचा. "बांध बघून शेतकरी ओळखावा," हे अण्णांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पावसाळ्यात तणनाशक मारायचं, वाळलं की काडी लावायची. निंब आणि सीताफळ तेवढे वाचायचे, एक सावली देतो म्हणून आणि दुसरं फळ देतं म्हणून. बाग माझ्याकडे आल्यावर पहिली काही वर्षं मीही तेच केलं. काळाभोर, राखेचा बांध बघून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग एका बहारात, म्हणजे फळांच्या हंगामात, पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड अशी काही आली की विचारू नका. फळाच्या देठाशी, दोन फळं जिथं टेकतात तिथं, कळीच्या पाकळ्यांत, जिकडे बघावं तिकडे कापूस. खाली चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. बांध जाळल्यामुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच बहारात फुलकिड्यांसाठी मी सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातलं औषध लागोपाठ दोनदा मारलं होतं. या औषधांनी किडींना खाणारे मित्रकीटक आधी साफ होतात आणि मागाहून रस शोषणाऱ्या किडी उसळतात, हे कीटकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी ते वाचलं होतं. वाचून मारलं.

फवारून काही हाती लागेना, कारण पिठ्याच्या अंगावर मेण असतं, औषध ओघळून जातं. म्हणून मी आणि कामाला येणाऱ्या मावशी बोटांनी चिरडायला लागलो. सीताफळापासून सुरुवात केली, कारण तिथं तर फांद्या पांढऱ्या झाल्या होत्या. तासभर चिरडल्यावर मावशी म्हणाल्या, "ताई, हे काही काही पळतायत बघा."

पिठ्या ढेकूण पळत नाही. सरकतो, तोही सवडीनं. मी भिंग लावलं. अंगावर तसंच पांढरं मेण, पण झालरीसारखे लांब लांब धागे, आकार पिठ्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि खाली सहा पाय भराभर चालणारे. एकाला काडीनं उलटं केलं तर तोंडात अर्धा खाल्लेला पिठ्या. ती क्रिप्टोलीमसची अळी होती. क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझिएरी हा गडद तपकिरी, डोकं आणि शेपटीकडचं टोक नारिंगी असलेला छोटा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड बीटल, मूळचा ऑस्ट्रेलियातला. भारतात तो १८९८ साली आणला गेला. प्रयोगशाळेत वाढवून तो विकतही देतात. त्याची अळी पिठ्यासारखीच दिसते. पिठ्याची राखण करणाऱ्या मुंग्यांना चकवायला हा वेष कामी येतो. त्या वेषानं मुंग्या फसल्या असतील-नसतील, मी मात्र फसले. तासाभरात किती चिरडल्या असतील कोण जाणे. बोटांना पिवळा-तपकिरी रस लागलेला, तो नक्की कुणाचा होता हे आठवायला नको वाटतं.

त्या रात्री डोक्यात एकच प्रश्न फिरत राहिला. बागेत एकही क्रिप्टोलीमस नव्हता, मी झाडन् झाड बघितलं होतं. होता तो फक्त बांधावरच्या त्या सीताफळावर, आणि पिठ्याही तिथूनच बागेत उतरला असावा. चोर आणि शिपाई एकाच खोलीत राहत होते. मग चोर बागेत आला आणि शिपाई का नाही आला? आणि त्याच्या मागचा प्रश्न: ताणाच्या दोन महिन्यांत, बागेत पान नाही, पानांचा रस पिणारा मावा नाही, फूल नाही, तेव्हा हे शिपाई जगतात कशावर?

याचं उत्तर शोधताना मला द्राक्षाच्या तुडतुड्याची गोष्ट सापडली. मला ती इतकी आवडते की घरी कुणी ऐकायला तयार नाही, म्हणून इथं सांगते.

कॅलिफोर्नियात द्राक्षवेलींवर एक तुडतुडा येतो. त्याच्या अंड्यांत अंडी घालणारी एक गांधीलमाशी आहे, ॲनाग्रस. गांधीलमाशी म्हटलं की डोळ्यासमोर येते तशी नव्हे. ही एक मिलिमीटरहूनही लहान, उडणारा धुळीचा कण म्हणा. उन्हाळ्यात ती तुडतुड्याची बरीच अंडी संपवते. पण हिवाळ्यात पंचाईत होते. द्राक्षाची पानं झडतात आणि तुडतुडा पालापाचोळ्यात, तणात प्रौढ अवस्थेत दडून बसतो. म्हणजे अंडीच नाहीत. ॲनाग्रसला तर हिवाळा काढायलाही कुणाच्या तरी अंड्याच्या आतच राहावं लागतं. तरीही काही मळ्यांत ती वसंत ऋतू लागताच हजर व्हायची आणि काहींत उशिरा, नुकसान होऊन गेल्यावर.

डाऊट आणि नाकाटा या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १९६०च्या दशकात हे कोडं सोडवलं. जिथं ती लवकर यायची ते मळे नदीनाल्यांच्या जवळ होते, आणि काठावर रानटी ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं होती. ब्लॅकबेरीची पानं हिवाळ्यातही टिकतात. त्या पानांवर एक वेगळाच तुडतुडा राहतो. द्राक्षाशी त्याचं काही देणंघेणं नाही, पण त्याची अंडी हिवाळाभर असतात. ॲनाग्रस तिथं मुक्काम करायची आणि द्राक्षाला पालवी फुटली की मळ्यात उतरायची.

हे वाचताना मी अक्षरशः उठून उभी राहिले. द्राक्षाचा हिवाळा आणि माझ्या डाळिंबाचा ताण ही एकच गोष्ट आहे. बाग रिकामी असताना मित्रकीटकाला लागतं दुसरं खाणं, आणि ते अशा झाडावर, ज्याची कीड माझ्या पिकाला लागत नाही. माझी ब्लॅकबेरी कुठली?

ती निघाली रुई. दरवर्षी तणनाशक मारूनही मुळातून पुन्हा फुटणारी, म्हणून मी जिला शिव्या घातल्या तीच.

रुईच्या शेंड्यावर पिवळाजर्द मावा असतो, तुम्हीही पाहिला असेल. हळदीसारखा पिवळा रंग, पाय काळे, पाठीमागे दोन काळ्या नळ्या. शास्त्रीय नाव एफिस निराय. हा रुई, कण्हेर असल्या चिकाच्या झाडांवरचा. डाळिंबाचा मावा वेगळा, एफिस प्युनिकी. मागच्या ताणात मी एकाच रुईच्या एकाच शेंड्यासमोर सकाळभर बसले होते. वरच्या दोन पानांच्या बेचक्यात मावा दाटीवाटीनं, एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखा. त्यात नागमोडी काळ्या रेघांचे तीन ढालकिडे. एक मादी पानाच्या खालच्या बाजूला पोट टेकून थांबली, आणि अंडी घालायला लागली. उभी, पिवळी, तांदळाच्या कणीसारखी, एकाला एक लावून. मी पान जरा वाकवलं तर बाकीचे दोघे पाय आखडून टपकन खाली पडले आणि माझ्या तळहातावर गुडघ्यांतून पिवळा थेंब सोडून मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. तो थेंब कडू असतो. (चाखून बघितलाय. करू नका.)

त्याच शेंड्यावर मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या काळ्या अळ्या होत्या, त्या ढालकिड्याच्याच. शिवाय बिनपायाची, आंधळी, हिरवट, जळवेसारखी एक अळी मान इकडून तिकडे हलवत मावा चाचपत होती. सापडला की उचलायचा, शोषायचा आणि साल टाकून द्यायची. ती सिरफिड माशीची. आणि पानाच्या कडेला केसाएवढ्या देठांवर टांगलेली पांढरी अंडी, क्रायसोपा नावाच्या जाळीदार पंखांच्या किड्याची. देठ कशासाठी? आधी फुटलेल्या अळीनं भावंडांना खाऊ नये म्हणून, असं मानतात. एकूण त्या वितीभर शेंड्यावर मावा खाणारी तीन वेगवेगळी घराणी नांदत होती. दहा पावलांवर माझी बाग काड्या होऊन उभी होती.

इथं एक गोष्ट लक्षात यायला मला उशीर लागला. सिरफिडची अळी मावा खाते, पण तिची आई मावा खात नाही. तिला मध आणि पराग लागतात, परागाशिवाय तिची अंडी पिकत नाहीत. क्रायसोपाच्या पुष्कळ जातींचंही तेच, अळी शिकारी आणि प्रौढ मध-पराग-चिकट्यावर जगणारा. ॲनाग्रससारख्या, दुसऱ्या किड्यांत अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्यांना तर गोड काही मिळालं नाही तर बऱ्याच जाती दोन-चार दिवसांत मरतात, मिळालं तर त्यांचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं. म्हणजे मावा राखून भागत नाही, फूलही राखायला हवं.

हे कळल्यावर मी उत्साहानं बांधाच्या कडेनं झेंडू लावला. छान गेंदेदार, टपोरा. दिसायला बांध असा सुंदर झाला की अण्णांनीही पहिल्यांदा बरं म्हटलं. मी भिंग घेऊन बसले. फुलपाखरं आली, एखादी मधमाशी आली. छोट्या परोपजीवी माश्या? जवळजवळ नाहीतच. त्यांची तोंडं आखूड. गेंदेदार फुलाच्या इतक्या पाकळ्यांत मध असला तरी त्यांच्यापर्यंत पोहोचायचा कसा? त्यांना हवं असतं उघड्या बशीसारखं फूल. कोथिंबीर फुलावर सोडली, बडीशेप लावली, तेव्हा गर्दी दिसली. पण सगळ्यांत जास्त गर्दी कुठं होती माहितीये? बोरीवर. बोरीचं फूल हिरवट, बोटाच्या नखाहून लहान, वासाला काही खास नाही, आणि मध मधोमध उघड्यावर चमकत असतो. पावसाळ्याच्या शेवटी बोर फुलली की झाड गुणगुणतं. माश्या, गांधीलमाश्या, मुंगळे, नुसता बाजार. मी त्या बोरीवर कधी एक रुपयाही खर्च केलेला नाही. झेंडूवर बराच केला.

(झेंडूचे इतर उपयोग आहेत, त्यावर वाद घालायचा नाही मला.)

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की बांध वाढू द्या, सगळं छान होईल. मलाही वाटलं होतं. वर्षभर मी बांधाला हातच लावला नाही. त्याचं फळ त्याच वर्षी मिळालं, म्हणजे फळं गेली.

डाळिंब रंगात यायला लागली आणि रोज सकाळी झाडाखाली पाच-दहा फळं पडलेली दिसायला लागली. फळावर टाचणीनं टोचल्यासारखं एक भोक, त्याभोवती मऊ पडलेला गोल डाग, दाबलं की आंबूस पाणी. फळ फोडलं तर आत अळी नाही. अण्णा एका नजरेत म्हणाले, "पतंग आहे. रात्री ये बघायला."

रात्री नऊच्या सुमाराला आम्ही दोघं बॅटरी घेऊन गेलो. फळावर वाळलेलं पान चिकटलंय असं वाटलं. बॅटरीचा झोत पडला तसे त्या पानाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकले. पंख उघडले तर खालचे पंख नारिंगी, त्यावर काळा डाग. रस शोषणारा पतंग, युडोसिमा. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते, याची दाभणासारखी, टोकाशी काटेरी, धडधाकट फळाच्या सालीतून आत जाणारी. भोकातून मग बुरशी आणि जिवाणू शिरतात, फळ सडतं. पतंग रात्री येतो, फळावर बसतो आणि उडून जातो, अंडी तो बागेत घालतच नाही. मग अळी कुठं असते? गुळवेलीवर आणि वसनवेलीवर.

माझ्या एका निंबावर गुळवेल चढली होती, चांगली मनगटाएवढी जाड. "वाढू द्या" म्हणून मीच ठेवलेली. दुसऱ्या दिवशी पानं उलटून बघितली तर काळ्या मखमली अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी, मागचं टोक वर उचलून, डोकं खाली मुडपून बसलेली. दिसायला इतकी देखणी की चिरडताना जिवावर आलं. गुळवेल कितीही गुणाची असो, बागेच्या बांधावर ती ठेवायची नाही. मी ती बुंध्यातून तोडली, आणि वसनवेल दिसेल तिथं उपटते. पतंग लांबून उडत येणारा, त्यामुळे माझी एक वेल तोडून तो संपला असं नाही. रात्रीची बॅटरीची फेरी सुरूच आहे. पण पाळणाघर तरी माझ्या दारात नाही.

गंमत म्हणजे ब्लॅकबेरीचंही असंच आहे. द्राक्षाला होणारा पियर्स रोग एका जिवाणूमुळे होतो आणि तो पसरवणाऱ्या तुडतुड्यांपैकी एक नदीकाठच्या ब्लॅकबेरीवरच पोसला जातो. ॲनाग्रसचं घर आणि रोगाचं घर एकच झुडूप. म्हणून बांधाबद्दल "चांगला" किंवा "वाईट" असं कुणी सरसकट सांगायला लागलं की मी मान डोलावते आणि विषय बदलते. २०१८ साली जगभरातल्या १३२ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून शास्त्रज्ञांनी बघितलं, की शेताच्या आसपास नैसर्गिक झाडोरा जास्त असेल तर कीड कमी होते का. उत्तर सगळीकडे सारखं आलंच नाही. कुठं मित्र वाढले, कुठं शत्रू, कुठं काहीच नाही. मला हे निराशाजनक वाटत नाही. बांधावरच्या एकेका झाडाची वेगळी चौकशी करावी लागते, एवढंच त्यातून मी घेतलं.

एरंडाची चौकशी अजून चालू आहे. त्याच्या पानाच्या देठावर, पान जिथं जोडतं तिथं, छोट्या गाठी असतात. त्यातून गोड रस पाझरतो, फूल असो-नसो. परोपजीवी माश्या तिथं येऊन पितात. एरंडाचा पराग शिकारी कोळ्यांनाही आवडतो. (कोळी म्हणजे इथं जाळं विणणारा कोळी नव्हे आणि पिकावरचा लाल कोळीही नव्हे. लाल कोळ्याला खाणारा, त्याच्याच आकाराचा, भराभर धावणारा. मराठीत तिघांना एकच नाव देऊन ठेवणाऱ्याला भेटायचंय मला.) काचघरांत शिकारी कोळी पोसायला मुद्दाम एरंड ठेवतात. एवढं वाचून मी चार एरंड लावले. मग कळलं की एरंडाची बोंडं पोखरणारी अळी, कोनोगेथेस, डाळिंबाचं फळही पोखरते अशी नोंद आहे. आणि एरंडाची पानं खाणारी उंटअळी पतंग झाली की तीही फळांचा रस पिणाऱ्यांत जाऊन बसते. आता काय करायचं? मी मधला मार्ग काढला. एरंडाच्या तुऱ्यात खाली पिवळी नरफुलं, वर तांबडी मादीफुलं. नरफुलांचा पराग झडून गेला की बोंडं भरायच्या आत तुरा कापायचा, आणि पानांवर उंटअळी दिसली की पान तोडायचं. जमतंय असं वाटतं. दोन बहारांवरून ठाम बोलू नये.

बांधावरचे मित्र बागेत किती आत येतात, याचं माझं उत्तर वहीतल्या खुणांवरून आहे, आणि माझी वही म्हणजे शास्त्र नव्हे. पांढरं कापड धरून फांदी झटकते, पडलेले किडे मोजते. बांधालगतच्या ओळींत ढालकिडे आधी दिसतात, मधल्या ओळींत उशिरा आणि कमी. नियमानं प्रयोग करणाऱ्यांनाही असंच काहीसं दिसलंय. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका सेंद्रिय द्राक्षमळ्यातून ६०० मीटर लांबीचा फुलझाडांचा पट्टा काढला होता, ६५ जातींचा, नदीकाठच्या झाडीला जोडलेला. त्याच्याजवळच्या ओळींत शिकारी कीटक जास्त आणि तुडतुडे, फुलकिडे कमी मिळाले, जसं लांब जावं तसा फरक पुसट होत गेला. हे २००१ साली छापून आलं. म्हणून बाग मोठी असेल तर एका कडेच्या बांधावर भिस्त ठेवता येत नाही. माझ्या मधल्या दोन ओळींमध्ये मी आता चवळीचा पट्टा पेरते. चवळीलाही फुलाबाहेर पाझरणाऱ्या मधाच्या गाठी असतात.

झाडांच्या रांगेचा आणखी एक गुण मला या वाचनातूनच कळला. ब्लॅकबेरी मुद्दाम लावायला गेलं तर नीट जमेना, म्हणून द्राक्षमळ्यांशेजारी आलुबुखाराच्या प्रून जातीची झाडं लावून बघितली, कारण त्यांच्यावरही एका तुडतुड्याची अंडी हिवाळाभर असतात. त्या झाडांवर रुबिडियम हे मूलद्रव्य फवारलं. म्हणजे तिथं वाढलेल्या ॲनाग्रसच्या अंगात ती खूण राहणार आणि मळ्यात पकडल्यावर ओळखू येणार. १९९६ साली छापलेल्या त्या प्रयोगात एका मळ्यात सुरुवातीच्या ॲनाग्रसपैकी ३४ टक्के या झाडांवरच्या निघाल्या, दुसऱ्यात फक्त १ टक्का. मग बाकीच्या? त्या लांबून वाऱ्याबरोबर आलेल्या. पण झाडांच्या रांगेमुळे वारा अडला आणि आडोशाला, शांत हवेत त्या खाली उतरल्या. धुळीच्या कणाएवढ्या जिवाला वाऱ्यात उतरायचं कुठं, हा प्रश्न असतोच की. माझे निंब अन् बोर वाऱ्याच्याच अंगाला आहेत, हा निव्वळ योगायोग, पण मी त्याचं श्रेय घेते.

परागीकरणाचं मी फार लिहीत नाही, कारण डाळिंबात ते आतापर्यंत मला अडलं नाही. आंब्यावर दक्षिण आफ्रिकेत २०१० आणि २०१२ साली छापलेलं काम मात्र बघण्यासारखं आहे. नैसर्गिक झाडोऱ्यापासून जसं लांब जावं तसे मोहोरावरचे कीटक आणि फळं कमी होत गेली, आणि बागेतच स्थानिक फुलझाडांचे छोटे तुकडे राखले तर ती घट बऱ्याच अंशी भरून निघाली. आंब्यावाल्यांनी विचार करावा.

या सगळ्यावर एका मिनिटात पाणी फिरवता येतं, तेही मी केलंय. ब्लोअर घेऊन येणाऱ्या दादांना "बांधाकडे नको" एवढं सांगायचं राहिलं, वारा तिकडचा होता, आणि शेवटच्या ओळीचं निम्मं औषध बोरीवर गेलं. बोर नेमकी फुलात. झाडाखाली मेलेल्या माश्यांचा थर मी हातानं गोळा केला. आता फवारणीच्या वहीत तारीख आणि औषधाच्या आधी पहिला रकाना वाऱ्याचा आहे, आणि बांधालगतची ओळ पाठीवरच्या पंपानं, बांधाकडे पाठ करून, संध्याकाळी.

अण्णांचं मत बदललं का, असं विचारलंत तर नाही. पण पहिलं पाणी दिल्यावर, तांबूस पालवी फुटून त्यावर मावा दिसायला लागला तेव्हा ते औषध काढायला गेले नाहीत. "तुझे ते ठिपकेवाले येईपर्यंत किती दिवस धरायचे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं आठ. दहा लागले. मधल्या ओळींत मला शेवटी निंबोळी अर्क मारावाच लागला, कडेच्या चार ओळींत नाही. अण्णांनी दोन्हीची नोंद घेतली असणार, ते बोलत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. बांध सामाईक आहे. पलीकडच्या शेजाऱ्यांना त्यांच्या बाजूनं तो साफ हवा, आणि त्यांचंही चुकीचं नाही. निंबाची सावली त्यांच्या पिकावर पडते, मुळं त्यांच्या रानात जातात, तणाचं बी उडून तिकडे जातं. आमचं ठरलंय, त्यांची अर्धी बाजू त्यांची, माझी अर्धी माझी. त्यामुळे आमचा बांध लांबून बघितला तर निम्मा दाढी केलेल्या माणसासारखा दिसतो.

काल त्यांचा फोन आला. उद्या सकाळी तणनाशक मारायचंय, पंप भरून ठेवलाय. "ती रुई बरोबर मध्यावर आहे, तुमची धरायची का आमची?" मी म्हटलं, "आमची, आमची." ते हसले, म्हणाले खूण करून ठेवा, माझ्या माणसाला काय कळणार. मी लगेच एक जुनी पांढरी साडी फाडली, चार पट्ट्या केल्या आणि अंधार पडायच्या आत चारही रुयांना बांधून आले. मधल्या रुईचा शेंडा पट्टी बांधताना जरा हलला, दोन ढालकिडे खाली पडले. उचलून परत पानावर ठेवले.